हरवल्या नाहीत, ठेवून घेतल्या! ल्युसिया मोहोलीच्या काचा आणि आपण

‘विस्मृतीत गेलेली’, ‘काळाच्या पडद्याआड गेलेली’, ‘उपेक्षित राहिलेली’. स्त्री कलावंतांबद्दल लिहिताना आपले संपादक, प्राध्यापक आणि समीक्षक हे शब्द अगदी सहज वापरतात. ऐकायला हळवे शब्द आहेत, पण फार सोयीचे आहेत. कारण यात कर्ता नाही. कोण विसरलं? पडदा कोणी ओढला? उपेक्षा कोणी केली? वाक्यातला कर्ता गायब केला की इतिहासातला जबाबदार माणूसही गायब होतो आणि दोष बिचाऱ्या काळावर जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. स्त्रियांचा आणि शोषितांचा वारसा आपोआप हरवत नाही. तो कोणाच्या तरी ताब्यात असतो, कोणीतरी तो वापरत असतं, आणि ज्याचा आहे त्याचं नाव तेवढं खालून पुसलेलं असतं. हे मी हवेत बोलत नाही. ज्याचे आकडे, तारखा आणि पत्रव्यवहार उपलब्ध आहे असं एक उदाहरण समोर ठेवते. छायाचित्रकार ल्युसिया मोहोली हिचं.

काही जण लगेच विचारतील, जर्मनीतल्या फोटोग्राफर बाईशी आंबेडकरी तरुणांचा काय संबंध? संबंध आहे. आपली चळवळ कागदावर, फोटोवर, आठवणीवर उभी आहे. आपला इतिहास दुसऱ्याच्या कपाटात राहिला तर काय होतं, हे आपल्यापेक्षा चांगलं कोणाला ठाऊक असणार? आणि दुसरं कारण जास्त अडचणीचं आहे. ल्युसियाच्या निगेटिव्ह नाझींनी ठेवून घेतल्या नाहीत. पुरोगामी, आधुनिक, नाझींना नकोशा झालेल्या तिच्याच वर्तुळातल्या माणसाने त्या ठेवून घेतल्या. म्हणून ही गोष्ट आपण वाचलीच पाहिजे.

कोण होती ल्युसिया?

१८ जानेवारी १८९४ रोजी प्रागमधल्या एका ज्यू कुटुंबात ल्युसिया शुल्झचा जन्म झाला. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. तिने इंग्रजी शिकवण्याची पात्रता मिळवली, प्रागच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि कलेचा इतिहास शिकली आणि मग जर्मनीत जाऊन प्रकाशनसंस्थांमध्ये संपादनाचं काम करू लागली. १९१९च्या सुमारास तिने काही लेखन प्रसिद्ध केलं, तेही ‘उलरिख स्टेफन’ या पुरुषी नावाने. म्हणजे कॅमेरा हातात येण्याआधीच स्वतःचं नाव बाजूला ठेवायचा सराव तिला झाला होता.

१९२०मध्ये बर्लिनमध्ये तिची भेट लास्लो मोहोली-नाज या हंगेरियन चित्रकाराशी झाली. १९२१मध्ये, तिच्या २७व्या वाढदिवशी, दोघांनी लग्न केलं. त्याच्याकडे कल्पना होत्या, पण पैसे नव्हते आणि जर्मन भाषा कच्ची होती. सुरुवातीला घर तिच्या प्रकाशनातल्या नोकरीवर चाललं. १९२२च्या सुमारास दोघांनी मिळून फोटोग्रामचे प्रयोग सुरू केले. फोटोग्राम म्हणजे कॅमेरा न वापरता प्रकाशाला संवेदनशील असलेल्या कागदावर वस्तू ठेवून थेट प्रकाशाने उमटवलेली प्रतिमा. छायाचित्राने जगाची नक्कल का करायची, त्यातून नवीन काही निर्माण का होऊ नये, असा प्रश्न विचारणारा एक महत्त्वाचा लेख त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. विचार दोघांचे होते. भाषा मुख्यतः तिची होती. नाव फक्त त्याचं छापलं.

१९२३मध्ये मोहोली-नाजला बाउहाउसमध्ये शिक्षक म्हणून बोलावणं आलं. बाउहाउस म्हणजे १९१९मध्ये वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपिउसने वायमार शहरात सुरू केलेली कला आणि कारागिरीची शाळा. आज ऑफिसात दिसणारी पोलादी नळीची खुर्ची, साधा गोल दिवा, सपाट छताची काचेची इमारत, या सगळ्यांच्या मागे या शाळेचा हात आहे. १९२५मध्ये शाळा देसाऊला गेली आणि १९३३मध्ये नाझींच्या दडपणाखाली बर्लिनमध्ये बंद पडली. इनमीन १४ वर्षांची शाळा, पण विसाव्या शतकाचा चेहरा घडवणारी म्हणून जगभर शिकवली जाते.

ही शाळा ‘समते’ची भाषा बोलत होती. सुरुवातीलाच ग्रोपिउसने जाहीर केलं की स्त्री-पुरुष असा भेद इथे केला जाणार नाही. स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. इतक्या आल्या की लवकरच त्याच व्यवस्थापनाला त्यांची काळजी वाटू लागली, प्रवेशात हात आखडला गेला आणि बहुतेक विद्यार्थिनींची रवानगी विणकामाच्या विभागाकडे होऊ लागली. बाबासाहेबांनी ‘जातिसंहारा’त श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत जो फरक केला, तो इथे आठवतो. कोणाला काय येतं यावरून काम ठरत नव्हतं. माणूस कोण आहे यावरून त्याचं काम ठरत होतं. जात आणि युरोपातली पितृसत्ता एकच आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं समाजशास्त्राला धरून होणार नाही. पण जाहीरनाम्यात समता आणि वर्गखोलीत विभागणी, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

श्रम कोणाचे, सही कोणाची?

ल्युसिया या शाळेत काय होती? विद्यार्थिनी नव्हती. शिक्षिका नव्हती. पगारावर नव्हती. शाळेच्या दफ्तरी ती ‘मास्टरची बायको’ होती. या अवस्थेत तिने वायमारमधल्या एका स्टुडिओत जाऊन छायाचित्रणाचं तंत्र शिकून घेतलं, पुढे लाइपझिगच्या कला अकादमीत छपाई आणि छायाचित्रणाचं शिक्षण घेतलं. देसाऊच्या घरात डार्करूम उभी केली. आणि १९२३ ते १९२८ या पाच वर्षांत शाळेच्या इमारती, वस्तू आणि माणसं यांचा जवळजवळ संपूर्ण दस्तऐवज तयार केला.

हे काम म्हणजे मोबाइलवर क्लिक करणं नव्हतं. लाकडी, वजनदार कॅमेरा तिपाईवर उभा करायचा. काळ्या कापडाखाली डोकं घालून उलटी दिसणारी प्रतिमा नेमकी करायची. १८ बाय २४ सेंटीमीटरपर्यंतच्या काचेच्या प्लेटा एकेक करून बसवायच्या. प्लेटचा एक कोपरा तडकला तर सगळी मेहनत वाया. मग अंधारात धुणं, सुकवणं, प्रती काढणं. देसाऊची नवी इमारत डिसेंबर १९२६मध्ये खुली झाली. तिची काचेची भिंत, कोपऱ्यावरून दिसणारे दोन मजले, रिकामे स्वच्छ बाल्कन्यांचे कोन, हे जगाने पाहिलं ते ल्युसियाच्या नजरेतून. मारियाने ब्रांटची चहादाणी, वागेनफेल्डचा काचेचा दिवा, ब्रॉयरच्या खुर्च्या, या वस्तू तिने अशा टिपल्या की त्या कारखान्यातून आत्ताच निघाल्यासारख्या वाटाव्यात. पोर्ट्रेटमध्ये ती चेहऱ्याच्या इतकी जवळ जायची की सजावट, पोझ, प्रतिष्ठा सगळं बाहेर राहायचं आणि समोर फक्त माणूस उरायचा. छायाचित्रकार फ्लॉरेन्स हेन्री आणि कम्युनिस्ट नेत्या क्लारा झेटकिन यांची तिने काढलेली चित्रं आजही थेट डोळ्यांत बघतात.

शिवाय बाउहाउसने जी ग्रंथमाला काढली, जिच्यामुळे मोहोली-नाजचं नाव युरोपभर झालं, तिचं संपादन करायला, भाषा दुरुस्त करायला, मुद्रितं तपासायला ल्युसियाच होती. त्या कामाचं श्रेय पुस्तकांवर आलं नाही.

लक्षात घ्या, हे घरकामासारखंच आहे. रोज केलं तर कोणाला दिसत नाही, एक दिवस थांबलं तर घर बंद पडतं. आमच्या अभ्यासक्रमात याला ‘अदृश्य श्रम’ म्हणतात. पण मला तो शब्दही अपुरा वाटतो. श्रम अदृश्य नसतात, ते करून घेणाऱ्याला चांगले दिसतात. नाव देण्याच्या वेळी मात्र नजर फिरवली जाते.

१९३३: निघताना करार कोण करतं?

१९२८मध्ये दोघांनी देसाऊ सोडलं, १९२९मध्ये ते वेगळे झाले. ल्युसिया बर्लिनमध्ये योहानेस इटेनच्या शाळेत छायाचित्रण शिकवू लागली. थिओडोर नॉयबाउअर हा जर्मन संसदेतला कम्युनिस्ट खासदार तिचा जोडीदार होता. १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला. ऑगस्ट महिन्यात नॉयबाउअरला तिच्याच घरातून अटक झाली. ती स्वतः ज्यू, जोडीदार कम्युनिस्ट, अटक तिच्या घरात. थांबणं शक्यच नव्हतं. अंगावरच्या सामानानिशी ती प्रागला निघाली आणि तिथून व्हिएन्ना, पॅरिस करत १९३४मध्ये लंडनला पोहोचली. नॉयबाउअरला नाझींनी फेब्रुवारी १९४५मध्ये ठार मारलं.

आयुष्यभराचं काम मागे राहिलं होतं. सुमारे ५६० काचेच्या निगेटिव्ह. काच घेऊन सीमा ओलांडता येत नाही. या निगेटिव्ह आधी मोहोली-नाजकडे राहिल्या आणि त्याच्याकडून बर्लिनमध्ये ग्रोपिउसकडे गेल्या. ग्रोपिउस १९३४मध्ये इंग्लंडला आणि १९३७मध्ये अमेरिकेत हार्वर्डला प्राध्यापक म्हणून गेला. त्याचं घरसामान रीतसर जहाजाने अमेरिकेत आलं आणि त्या सामानाबरोबर ल्युसियाच्या काचाही आल्या.

निर्वासित दोघेही होते, हे खरं. पण सगळे निर्वासित सारखे नसतात. एकाबरोबर त्याचं सामान जातं, दुसरीबरोबर तिचं नावसुद्धा जात नाही.

१९३८मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये बाउहाउसचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात आणि त्याच्या पुस्तकात ल्युसियाची पन्नासच्या आसपास छायाचित्रं वापरली गेली. तिला न विचारता, तिच्या नावाशिवाय. पुस्तकाच्या संपादकांत स्वतः ग्रोपिउस होता. अमेरिकेत बाउहाउसची जी कीर्ती झाली, तिथल्या विद्यापीठांत या लोकांना जो मान मिळाला, त्याला या चित्रांनी केवढा हातभार लावला असेल याचा विचार करा. इमारत समुद्रापलीकडे, तीही शत्रूच्या ताब्यातल्या देशात. दाखवायला हातात फक्त फोटो होते.

आणि ल्युसिया? ती लंडनमध्ये पोर्ट्रेट काढून पोट भरत होती. १९३९मध्ये तिने पेलिकनसाठी इंग्रजीत छायाचित्रणाचा शंभर वर्षांचा इतिहास लिहिला. सहा पेन्सचं स्वस्त पुस्तक, सामान्य वाचकासाठी. कॅमेऱ्याकडे तिने यंत्र म्हणून नाही, समाजात घडणारी गोष्ट म्हणून पाहिलं. पुस्तकाच्या सुमारे ४०,००० प्रती खपल्या. १९४०मध्ये तिचं लंडनमधलं राहतं घर बॉम्बहल्ल्यात गेलं. त्याच सुमारास मोहोली-नाजने शिकागोतल्या आपल्या शाळेत तिला शिकवायला बोलावलं, पण अमेरिकेने व्हिसा नाकारला. हातात स्वतःचं काम दाखवायला नाही, तेव्हा आपण कोण आहोत हे कोणाला कसं सिद्ध करायचं? कामाचा पुरावा अमेरिकेत होता, आणि तो दुसऱ्याच्या नावाला उजाळा देत होता.

युद्धाच्या काळात ती लंडनमध्ये मायक्रोफिल्मच्या एका सेवेची प्रमुख झाली. शास्त्रीय नियतकालिकांचे, दुर्मीळ कागदांचे बारीक फिल्मवर फोटो काढून ठेवायचे, म्हणजे मूळ प्रत नष्ट झाली तरी ज्ञान टिकेल. युद्धानंतर युनेस्कोसाठी मध्यपूर्वेत आणि तुर्कस्तानात तिने हेच काम केलं. स्वतःचं संग्रहित काम दुसऱ्याने ठेवून घेतलेली बाई जगाचं ज्ञान सांभाळण्याची व्यवस्था उभी करत होती.

‘मला फार उपयोगी पडतात’

आपल्या निगेटिव्ह युद्धात नष्ट झाल्या असाच तिचा समज होता. पण पन्नासच्या दशकापर्यंत पुस्तकांतून, नियतकालिकांतून तिला आपलीच चित्रं दिसत राहिली. काच नष्ट झाली असेल तर इतक्या स्वच्छ प्रती येतात कुठून? १९५४मध्ये तिने ग्रोपिउसला थेट विचारलं.

त्याचं उत्तर नोंदवलेलं आहे. त्याचा आशय असा: तू बर्लिनमध्ये त्या मला दिल्या होत्यास, मला त्या फार उपयोगी पडतात, मी त्या सतत वापरत आलो आहे, तेव्हा तू माझ्याकडून त्या काढून घेणार नाहीस अशी आशा आहे.

हे वाक्य पुन्हा वाचा. नाकारणं नाही, लपवणं नाही, माफी नाही. ‘मला उपयोगी पडतात’ हाच मालकीचा पुरावा! जमीनदार कुळाला, सावकार ऋणकोला, मालक घरकामाच्या बाईला शतकानुशतकं हेच सांगत आला आहे. वापर केला म्हणून माझं. सवय झाली म्हणून माझं. आणि परत मागितलंस तर तूच माझ्यावर अन्याय करतेस!

ल्युसियाने प्रतिप्रश्न केला. जीव वाचवून पळताना तारखा आणि अटी घालून करार करायला मी थांबायला हवं होतं का? या प्रश्नाला उत्तर नाही. दंगलीत घर सोडणाऱ्याला, गावाने बहिष्कार टाकल्यावर रातोरात निघणाऱ्याला पुढे ‘कागद दाखव’ म्हणणारी प्रत्येक व्यवस्था या प्रश्नापुढे निरुत्तर आहे.

पत्रांनी काम झालं नाही. वकील लावावा लागला. १९५७मध्ये तिला काही निगेटिव्ह परत मिळाल्या. तिने ठेवलेल्या कार्डांच्या नोंदीप्रमाणे ५६०पैकी २३० आल्या. ३३० आल्याच नाहीत. १९८३मध्ये तिने एका ब्रिटिश छायाचित्रण नियतकालिकात या न मिळालेल्या निगेटिव्हबद्दल लेख लिहिला. त्याआधी १९७२मध्ये मोहोली-नाजबद्दलच्या चुकीच्या नोंदी दुरुस्त करणारी आणि दोघांच्या एकत्र कामाची बाजू सांगणारी छोटी पुस्तिका काढली. १७ मे १९८९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये तिचं निधन झालं. परत मिळालेल्या काचा आज बर्लिनच्या बाउहाउस संग्रहालयात आहेत. अलीकडे प्रागमध्ये तिच्या संपूर्ण कामाचं मोठं प्रदर्शन झालं.

म्हणजे ल्युसिया गप्प बसली नव्हती. यादी होती, पत्रं होती, वकील होता, लेख होता. ‘विस्मृतीत गेली’ म्हणणारे कोणत्या तोंडाने म्हणतात?

तीन बचाव आणि त्यांची उत्तरं

पहिला बचाव असा केला जातो: ग्रोपिउसने त्या सांभाळल्या म्हणूनच वाचल्या, नाहीतर बर्लिनच्या बॉम्बवर्षावात गेल्या असत्या. मान्य. सांभाळल्याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. पण सांभाळणारा विश्वस्त असतो, मालक नसतो. विश्वस्ताने पहिलं काम काय करायचं? ज्याची वस्तू आहे त्याला कळवायचं. ल्युसिया आणि ग्रोपिउस १९३४ ते १९३७ याच काळात दोघेही इंग्लंडमध्ये होते! पुढे ती लंडनमध्येच होती, पुस्तक लिहून प्रसिद्ध झाली होती. तिचा पत्ता शोधणं अवघड नव्हतं. आणि छापताना खाली नाव टाकायला तर पत्ताही लागत नव्हता.

दुसरा बचाव: इमारत ग्रोपिउसची, दिवा वागेनफेल्डचा, तिने फक्त फोटो काढला. हे ‘फक्त’ नीट तपासू. मार्च १९४५मध्ये देसाऊची इमारत बॉम्बहल्ल्यात मोडली. ग्रोपिउसचं तिथलं राहतं घरही गेलं. युद्धानंतर देसाऊ पूर्व जर्मनीत गेलं, इमारतीची नीट दुरुस्ती १९७६मध्ये झाली. मधली तीस वर्षं जग ज्या इमारतीची पूजा करत होतं ती विटांची नव्हती, ल्युसियाच्या काचेवरची होती. जगभरच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी बाउहाउस शिकलं ते तिच्या कोनातून, तिच्या प्रकाशातून. ज्या फोटोवर एका माणसाची जागतिक कीर्ती पोसली गेली, तो ‘फक्त फोटो’ कसा? आणि तो इतका किरकोळ होता, तर परत द्यायला वकील का लागला?

तिसरा बचाव सगळ्यात फसवा आहे: ते सगळे फॅसिझमविरोधी होते, एकाच बाजूचे होते, अशा वेळी अंतर्गत भांडणं काढून शत्रूला बळ कशाला द्यायचं? हे वाक्य ऐकलेलं वाटतं ना? ‘आधी चळवळ, मग बायकांचे प्रश्न.’ ‘घरातलं घरात ठेवा.’ ‘आत्ता वेळ नाही.’ बाहेरचा अन्याय मोठा आहे म्हणून आतला अन्याय लहान होत नाही. उलट, ज्याला बाहेरून लाथ बसते तोच आत कोणाला तरी पायाखाली ठेवतो, ही चढत्या-उतरत्या शिडीची रचना बाबासाहेबांनी आपल्याला उलगडून दाखवली आहे. शिडीच्या प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्या खाली कोणीतरी हवं असतं. तिच्या काचा ठेवून घेणारा माणूस हिटलरचा माणूस नव्हता, तरी काचा ठेवून घेतल्याच.

आता आपल्या घराकडे

ल्युसियाची गोष्ट वाचून ग्रोपिउसला चार शिव्या घालणं सोपं आहे. त्याने आपलं काही बिघडत नाही. अवघड प्रश्न आपल्याकडे आहे.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा आपला धम्मग्रंथ. बाबासाहेबांनी १५ मार्च १९५६ रोजी त्याची प्रस्तावना लिहिली. तिच्यात माईसाहेबांचे आणि डॉ. मावळणकरांचे आभार आहेत. आजारपणात आपलं आयुष्य वाढवल्याबद्दल, ग्रंथ पूर्ण होऊ शकल्याबद्दल. १९५७च्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना आली नाही. अनेक वर्षांनी ती स्वतंत्रपणे प्रकाशात आली. माईसाहेबांबद्दल कोणाचं काय मत असेल ते असो, वाद जुना आहे आणि तो इथे सोडवायचा नाही. प्रश्न एवढाच आहे: बाबासाहेबांनी स्वतः दिलेलं श्रेय छापायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला होता? इथेही ‘राहून गेली’ असं म्हणायची सोय आहेच. पण बाबासाहेबांच्या हातची प्रस्तावना अशी राहून जात नसते.

दुसरीकडे आपल्याच चळवळीने याचं उत्तरही दिलं आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या वयोवृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांना शोधून काढलं, त्यांच्याशी बोलून त्यांचं कर्तृत्व नोंदवलं आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभं केलं. ते प्रसिद्ध झालं १९८९मध्ये, ल्युसिया गेली त्याच वर्षी. पुस्तकाच्या नावात कर्ता आहे बघा. ‘इतिहास घडला’ असं नाही, ‘आम्ही घडवला’. आणि त्यातही ‘आम्हीही’ म्हणावं लागलं, ही नोंद आपण विसरू नये.

मी वस्त्यांमध्ये काम करते. जयंतीचे, मोर्चांचे, शिबिरांचे जुने फोटो घराघरांत बघते. भिंतीवर, पत्र्याच्या पेटीत, वहीच्या पानांत. कोणाला विचारा, हा फोटो कोणी काढला? माहीत नाही. फोटोत मागे उभ्या असलेल्या बाया कोण? ‘मंडळाच्या बायका.’ पुढे खुर्चीवर बसलेल्या सगळ्या पुरुषांची नावं मात्र पाठ असतात. आज आपण हजारो फोटो काढतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो, बॅनरवर छापतो. एखाद्या मुलीने दिवसभर उन्हात उभं राहून मोर्चाचे फोटो काढलेले असतात, दुसऱ्या दिवशी ते कुठल्यातरी नेत्याच्या पानावर त्याच्या लोगोसह दिसतात. तिने विचारलं तर उत्तर मिळतं, ‘चळवळीसाठीच आहे ना, नाव कशाला हवं?’ हे ग्रोपिउसचंच उत्तर आहे. फक्त मराठीत आहे.

ज्याला नाव आहे तोच ‘नाव कशाला’ असं म्हणू शकतो. नाव हा अहंकार नाही, पुरावा आहे. उद्या पोलीस केस झाली, उद्या इतिहास लिहायचा झाला, उद्या त्या मुलीला कुठे काम मागायचं झालं, तर तिच्या हातात काय असेल? ल्युसिया १९४०मध्ये ज्या रिकाम्या हातांनी व्हिसा मागत होती, तेच रिकामे हात.

म्हणून मित्र-मैत्रिणींनो, काही गोष्टी आजपासून करता येतील आणि त्यांना फंड लागत नाही. आपल्या संघटनेच्या प्रत्येक फोटोखाली, अहवालाखाली, भाषांतराखाली, टायपिंगखाली करणाऱ्याचं नाव टाकायचं. कोणाचे जुने फोटो, पत्रं, पत्रकं स्कॅन करायला घेतली तर साध्या कागदावर लिहून द्यायचं: काय घेतलं, कोणाकडून, कधी परत देणार. मूळ वस्तू ज्याची त्याच्या घरी परत गेली पाहिजे, आपल्याकडे प्रत पुरे. वस्तीतल्या आज्या, मावश्या हयात आहेत तोवर जुना फोटो त्यांच्यापुढे ठेवून प्रत्येक चेहऱ्याचं नाव मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून घ्यायचं. आणि कोणी ‘ती विस्मृतीत गेली’ असं भाषणात म्हणालं, तर हात वर करून विचारायचं: कोणी नेली?

ल्युसियाने कार्डांवर नोंदी ठेवल्या होत्या म्हणून आज आपण ५६०, २३० आणि ३३० हे आकडे सांगू शकतो. नोंद नसती तर चोरीही सिद्ध झाली नसती, ‘हरवल्या’ एवढंच म्हणावं लागलं असतं. नोंद ठेवा. नावं लिहा. आपला इतिहास आपल्या कपाटात ठेवा, आणि त्या कपाटाच्या किल्ल्या एकाच्या हातात देऊ नका.

जय भीम!